तळमजल्यावर म्हैस

शामची बस वैशाखऱ्याच्या अलीकडे पंक्चर झाली, तेव्हा चालकामागच्या पहिल्या बाकावर धाऊ वेखंडे बसलेले होते. गाडी चालवणारा शाम त्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, काशीचा, सख्खा धाकटा भाऊ. त्याने मान वळवून विचारलं, “दाजी, जरा उतरून मागचं चाक बघता का?” धाऊंनी बोट वर करून त्याच्या डोक्यावरची पाटी दाखवली. चालकाशी बोलू नये. शाम म्हणाला, गाडी उभी आहे. धाऊंनी पुन्हा पाटीच दाखवली, कारण गाडी उभी असताना बोलावं असं तिच्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं. मग ते खाली उतरले, चाक बघितलं, वर आले आणि कंडक्टरकडे तोंड करून म्हणाले, “चालकाला सांगा, डाव्या अंगाचं आतलं टायर गेलंय.” शाम त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानंतर दोन वर्षं शामनेही त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि त्याला तर कुठल्या पाटीचाही आधार नव्हता.

तसा माणूस अगदी साधा. चौथीपर्यंत शाळा, दीड एकर भात, एक म्हैस आणि सदऱ्याच्या खिशात एका काडीचा चष्मा. पण छापलेलं अक्षर दिसलं की तो चष्मा डोळ्यांवर चढायचा आणि मग धाऊंचं स्वतःचं डोकं सुट्टीवर जायचं. फवारणीच्या बाटलीवर ‘वापरण्यापूर्वी चांगली हलवा’ असं वाचून ते घरापासून शेतापर्यंत बाटली हलवत गेले होते, आणि वाटेत भेटलेल्यांना वाटलं की ह्यांना ताप भरलाय. एका दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी होती म्हणून त्यांनी चपला काढल्या. पाटी जुन्या दवाखान्याची होती, आत आता सिमेंटचं दुकान होतं, आणि परत येईपर्यंत चपला गेल्या होत्या. काशीबाई तर अजून सांगते, की लग्नपत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलं होतं म्हणून ह्यांनी सासऱ्याने हातात बांधलेलं घड्याळ मांडवातच सोडून परत दिलं. वर विचारलं, की पत्रिका तुमीच छापलीत ना?

अशा माणसाच्या गावाला नगरपंचायत यावी हा योग विलक्षण म्हणायला हवा. उंबरखोंड हे शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. चार पिढ्या ते नुसतं गाव होतं. मग मंडळी रोज रिक्षाने आटगावला जाऊन लोकल धरू लागली, कल्याण-डोंबिवलीची माणसं उलट इकडे जागा बघायला येऊ लागली, आणि एक दिवस सरकारने कागद काढून गावाचं शहर केलं. शहर झालं म्हणून विकास आराखडा आला, आणि आराखड्याबरोबर नगरपंचायतीच्या जिन्यात एक मोठा रंगीत नकाशा लागला. पिवळं ते राहण्याचं, हिरवं ते शेतीचं, निळं ते दुकानांचं. सिमेंटवाल्याने पिवळ्यात गोदाम थाटलं, दुसऱ्या एकाने हिरव्यात लग्नाचा हॉल बांधून त्याला शेतघर असं नाव दिलं. जिन्यातून जाताना लोक नकाशाला खांदा घासत आणि पुढे जात. गावात तो नकाशा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकच निघाला. धाऊंनी आपलं घर शोधून काढलं, ते पिवळ्यात आहे हे पाहिलं, आणि घरी येऊन काशीबाईला सांगितलं की आपण राहतो ते कायदेशीर आहे. तिला त्याबद्दल कधी शंका आलेली नव्हती.

घराच्या एका अंगाला त्यांचा मांडव होता. हा लग्नाचा मांडव नव्हे. ऐनाचे आठ खांब, वर आडवे बांबू, बांबूंवर झोडणी झाल्यावर भाताचा पेंढा रचायचा आणि खाली सावलीला गुरं बांधायची. जमिनीवर पेंढा ठेवला तर वाळवी लागते, ओल चढते, म्हणून तो वर. खाली गुरं असली की हात वर केला, पेंढी ओढली, पुढ्यात टाकली. धाऊंच्या वडलांच्या वेळी त्या मांडवाखाली सहा जनावरं होती. आता एकटी शेवंती होती, काळीभोर, आखूड शिंगांची म्हैस. धाऊंचं तिच्यावर मनापासून प्रेम होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. मुलगा सुयोग ठाण्याला कंपनीत जायचा. त्याचं म्हणणं होतं की दूध पिशवीतून येतं, म्हैस कशाला पाहिजे. धाऊ म्हणायचे, पिशवी माझ्याकडं बघून मान हलवत नाय.

मांडवाच्या पलीकडच्या कुणाच्या तरी शेतावर दोन वर्षांपूर्वी तीन मजल्यांची इमारत उभी राहिली. तिच्या जाहिरातीत निसर्ग होता, मोकळी हवा होती आणि गच्चीवरून दिसणारा सिद्धगड होता. तळमजल्यावर शेखर पाटकर नावाचे निवृत्त बँक अधिकारी डोंबिवलीहून राहायला आले. पाटकरांना निसर्ग आवडायचा, पण तो सिद्धगडाइतका लांब असलेला. इथे तो घराच्या खिडकीबाहेर चार फुटांवर उभा राहून रवंथ करत होता. चहात पेंढ्याच्या काड्या यायला लागल्या, मच्छर यायला लागले, आणि ज्या दिवशी शेवंतीने खिडकीत वाळत घातलेला त्यांचा बनियन चघळला, त्या दिवशी पाटकरांनी नगरपंचायतीला अर्ज लिहिला. बँकेत आयुष्य गेलेलं, त्यामुळे अर्ज मुद्देसूद होता. माझ्या भिंतीलगत विनापरवाना दोन मजली बांधकाम असून तळमजल्यावर जनावर व पहिल्या मजल्यावर ज्वालाग्राही माल आहे. अर्जात एक शब्द खोटा नव्हता.

पौष महिन्यात एक दिवस नगररचना सहायक समीक्षा हरड टेप घेऊन आली. पंचविशीतली मुलगी, नोकरीला लागून आठ महिने झालेली, आणि खुर्चीवर बसून अहवाल लिहायला न शिकलेली. तिने लांबी घेतली, रुंदी घेतली. उंची घेताना टेपचं एक टोक शेवंतीने तोंडात धरलं, तेव्हा धाऊंनी ते सोडवून, पुसून परत दिलं. ती लिहीत होती आणि धाऊ चष्मा लावून तिच्या वहीत वाकून बघत होते. तळमजला, वापर : म्हैस. पहिला मजला, वापर : साठवण. सामासिक अंतर, म्हणजे शेजारच्या भिंतीपासून सोडायची मोकळी जागा : दहा फुटांऐवजी चार फूट. आपल्या मांडवाला मजले आहेत हे धाऊंना त्या दिवशी प्रथम कळलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांना थोडा अभिमानच वाटला. घरात दोन मजली काही बांधणारे ते एकटेच होते.

आठ दिवसांनी नोटीस आली आणि अभिमान उतरला. महिन्याभरात बांधकाम काढून टाका, नाहीतर रीतसर अर्ज करून नियमित करून घ्या. संध्याकाळी घरात सगळे जमले. शामही आला होता, कारण दोन वर्षांचा अबोला नोटिशीच्या बातमीपुढे टिकला नाही. शामचं मत होतं की नोटिशीला कुणी उत्तर देत नसतं, त्याच्या घरी तीन नोटिसा आहेत आणि एकीचा चांगला जाड कागद कपाटाच्या पायाखाली घातलाय. वर तो म्हणाला की त्या इमारतीने तरी कुठे दहा फूट सोडलेत? कागदावर सोडले आणि जागेवर पाण्याची टाकी बांधली. सुयोग म्हणाला, पेंढा काढावा लागला तर पावसापर्यंत म्हशीला घालणार काय, त्यापेक्षा आताच विकून टाका, सरळगावचा एक जण विचारतोय. तो हे वाईट हेतूने म्हणाला नव्हता. पण म्हशीचं वय झालेलं, दूध कमी झालेलं, आणि सरळगावचा तो एक जण तिला दुधासाठी विचारत नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“काढा नाय तर अर्ज करा असं लिवलंय,” धाऊ शेवटी म्हणाले. “आपण अर्ज करू.”

गावाच्या इतिहासात नोटिशीतला पर्याय खरोखर निवडणारे ते पहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जाचा छापील नमुना आणला आणि ओट्यावर बसून दोन दिवस तो भरला. एकही रकाना मोकळा सोडू नये असं वरच छापलं होतं. बांधकामाचं साहित्य : ऐनाचे खांब, बांबू, झिनी भाताचा पेंढा. राहणाऱ्यांची संख्या : एक. शौचालयाची सोय : जागेवर. वाहनतळ : गरज नाही. पावसाच्या पाण्याची साठवण : पावसात बांधकाम नसते. उंचीच्या रकान्यापाशी ते अडले. उंची मोठी अवघड गोष्ट होती, कारण शेवंती रोज जेवायची. खूप विचार करून त्यांनी लिहिलं, ‘आज अकरा फूट, शिमग्याला आठ, अक्षय तृतीयेला पाच, मिरगाला शून्य. पाडकाम म्हैस स्वतः करते.’

समीक्षाने तो अर्ज वाचला, टेबलाखाली वाकून हसून घेतलं, आणि मग वर येऊन गंभीरपणे आवक क्रमांक टाकला. तिला तो माणूस आवडला होता. पण अर्ज एकदा फाइलीत शिरला की तो तिचा राहत नव्हता. वरून शेरा आला, उंची निश्चित करावी. आणि त्याखाली नेहमीच्या शिक्क्याचं नेहमीचं वाक्य आलं, निर्णय होईपर्यंत बांधकाम आहे त्या स्थितीत ठेवावे, त्यात कोणताही बदल करू नये.

हे वाक्य उंबरखोंडात निदान दोनशे लोकांना आजवर मिळालेलं होतं, आणि त्यातल्या कुणाचंही काम एका दिवसाने थांबलेलं नव्हतं. धाऊंनी ते तीन वेळा वाचलं. मग ते मांडवाखाली गेले, शेवंतीच्या पुढ्यातली अर्धी पेंढी उचलली आणि परत वर खोचून ठेवली. अकरा फूट म्हणजे अकरा फूट.

आता परिस्थिती अशी झाली, की डोक्यावर अकरा फुटांपर्यंत पेंढा आणि खाली म्हैस उपाशी. शेवंती मान वर करून पेंढ्याकडे बघायची, मग धाऊंकडे बघायची. धाऊ दुसरीकडे बघायचे. संध्याकाळी ते शामच्या घरी गेले, त्याच्याकडचा एक भारा मागितला आणि डोक्यावरून घेऊन आले. पुढे रोज तेच. स्वतःचा पेंढा दारात ठेवून दोन किलोमीटरवरून मेहुण्याचा पेंढा वाहणारा माणूस बघायला लोक पारावर थांबू लागले. म्हशीने जिभेने दोन काड्या ओढू नयेत म्हणून धाऊंनी तिचं दावं आखूड केलं, आणि बांबूला खडूने खूण करून रोज सकाळी उंची तपासायला लागले. काशीबाईने त्यांना शिव्या दिल्या, समजावलं, एक वेळ जेवण वाढलं नाही. ते म्हणाले, “आपणच अर्ज केलाय गो. आता आपणच कसा मोडायचा?” मग तिने बोलण्याचा नाद सोडला.

शामचा भारा एका म्हशीला पुरणारा नव्हता हे काशीबाईला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. धाऊ भारा आणायला गेले की ती मांडवाखाली जायची, मधले तीन बांबू बाजूला सारायची आणि ढिगाच्या पोटातून पेंढ्या ओढायची. बाहेरच्या कडांना ती हात लावत नसे, वरच्या थराला तर मुळीच नाही. महिनाभर हे चाललं. बाहेरून मांडव जसाच्या तसा, खडूच्या खुणेला बिलगून उभा. शेवंती मात्र चमकायला लागली, दूध अर्ध्या लिटरने वाढलं. धाऊ भेटेल त्याला सांगायचे की शामच्या पेंढ्यात कस आहे. शाम हे ऐकून इतका खूश झाला की दोन वर्षांतलं सगळं विसरला.

ह्या महिन्यात धाऊ दर सोमवारी नगरपंचायतीत जाऊन बसत. निर्णय काय झाला हे विचारायचे, तो झालेला नसायचा, आणि मग आलोच आहोत तर म्हणून एकेक नियम समजून घ्यायचे. पिवळ्यात गोदाम का नको? समीक्षाने सांगितलं, ट्रक येतात, पोरं अंगणात खेळत असतात. हे त्यांना पटलं. एका सोमवारी त्यांनी विचारलं, की दहा फूटच का, नऊ का नाही? तिला तशी घाई होती, पण तिने कोऱ्या कागदावर दोन घरं काढली आणि मध्ये जागा सोडली. उजेड यावा, वारा यावा हे एक, ती म्हणाली, पण मुख्य म्हणजे एका घराला आग लागली तर दुसऱ्यातल्या माणसाला बाहेर पडायला आणि बाहेरच्याला पाणी घेऊन आत शिरायला वाट हवी. नऊ की दहा हा कुणीतरी बसून ठरवलेला आकडा आहे, काका. वाट हवी हे खरं. धाऊंनी तो कागद मागून घेतला आणि खिशात घातला. छापील नव्हता, त्यामुळे तेव्हा त्यांना तो तितकासा महत्त्वाचा वाटला नाही.

शिमग्याच्या आधी शेवटची स्थळपाहणी ठरली. उंची अकरा फूटच आहे ना, एवढं बघून समीक्षा अहवाल देणार होती. पाटकर बाहेर हाताची घडी घालून उभे होते. सुयोग त्या दिवशी सुट्टी काढून घरी होता, शाम आपल्या पेंढ्याचं कौतुक ऐकायला आला होता. काशीबाई दारात होती आणि तिचा चेहरा बरा दिसत नव्हता. समीक्षाने बांबूची खूण बघितली आणि म्हणाली, ठीक आहे, अकरा. पण धाऊंना हे चालेना. माप वरून घ्यायला पाहिजे, टेपचं टोक मी धरतो, असं म्हणून ते शिडीला लागले. काशीबाई म्हणाली, नको. त्यांनी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, “अवो, वर जाऊ नका, मी सांगते ना.” पण का नको ते तिला चारचौघांत सांगता येईना.

धाऊ वर पोचले, टेप हातात घेऊन मधोमध ताठ उभे राहिले, आणि दिसेनासे झाले. आवाजसुद्धा फार आला नाही. पहिल्या मजल्यावरून ते सरळ तळमजल्यावर आले, शेवंतीच्या पाठीला घासून भिंतीच्या बाजूला गडगडले, आणि त्यांच्या मागोमाग वरचा सगळा थर खाली बसला. टेपचं दुसरं टोक समीक्षाच्या हातात होतं. त्यावर साडेचार फूट आले.

लागलं कुठेच नव्हतं. पेंढ्यावर पडले होते, पेंढ्याखाली होते. पण खांब, भिंत आणि कोसळलेला ढीग ह्यांच्या मध्ये ते असे अडकले की पुढे सरकता येईना आणि मागे म्हैस. बाहेर आरडाओरडा चालला होता, शाम आणि सुयोग पेंढ्या उपसत होते. त्या धुळीत धाऊंना ठसका लागला. तेवढ्यात त्यांच्या कपाळाला काहीतरी गार लागलं. वर बघितलं तर खिडकीच्या गजांतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला होता आणि हातात पाण्याचं भांडं होतं.

“घ्या,” आतून आवाज आला. “हळू प्या.”

पाटकरांची आई होती. धाऊंनी तिला आजवर कधी पाहिलं नव्हतं, कारण ह्या बोळात माणूस शिरतच नव्हता. तिचा पलंग खिडकीला लावलेला होता. तिने विचारलं, लागलं का? धाऊ म्हणाले, नाय. ती म्हणाली, मला उठून बाहेर येता येत नाही, कमरेखाली पाय चालत नाहीत, नाहीतर ओढून काढलं असतं तुम्हाला. तुमची म्हैस बघत असते मी दिवसभर, बनियन तिला मीच दिला होता. धाऊंनी पाणी प्यायलं. भांडं परत देताना त्यांचं बोट तिच्या बोटांना लागलं, तिला उशीवरून मानही उचलावी लागली नाही. मग बाहेरच्यांनी त्यांचे पाय धरून त्यांना ओढून काढलं.

समीक्षाने जागेवरच पंचनामा लिहिला आणि तो पुढे बरेच दिवस नगरपंचायतीत एकमेकांना वाचून दाखवला जात होता. पहिला मजला आतून पोकळ आढळला, राहणाऱ्याने तो खाल्ल्याचे दिसते. ह्यावर वर विचारविनिमय झाला आणि पंधरा दिवसांत निकाल आला. जी वस्तू जनावराचा चारा आहे आणि जी जनावर खाते, तिला बांधकाम म्हणता येणार नाही, सबब सामासिक अंतराचा नियम तिला लागू नाही. नोटीस रद्द, मांडव आहे तिथे राहू शकतो. समीक्षाने स्वतः घरी येऊन कागद दिला. काशीबाईने तिला बसवून शेवंतीच्या दुधाची खीर दिली, आणि पोकळीबद्दल नवऱ्याकडून पंधरा दिवस ऐकलेलं सगळं विसरून जाऊन हसली. सुयोगही मोकळेपणाने हसला. सरळगावच्या माणसाला त्याने फोन करून नको म्हणून सांगितलं.

धाऊंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग विचारलं, “मॅडम, नियम लागू नाय. मग दहा फुटांचं काय?”

समीक्षा म्हणाली, काका, तुमच्यासाठी दहा फूट आता नाहीतच. तुम्ही सुटलात. खिशातून धाऊंनी तिचाच कागद काढला, दोन घरं आणि मधली जागा असलेला, घडीवर फाटायला आलेला. ते म्हणाले, “कागदावर चारा लिवला म्हणून तो कमी पेटंल व्हय? ती बाई पलंगावरून उठत नाय. गजातून बाहेर येता येत नाय, आनि ह्या अंगाने मी पन धड बाहेर येऊ शकलो नाय.” आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना छापलेला कागद अपुरा वाटत होता, आणि त्याने ते बावरून गेले होते. समीक्षाने वाटी खाली ठेवली. ती म्हणाली, त्या इमारतीच्या टाकीची फाइल मी उघडलीय, पण त्याला वर्षं लागतील. धाऊ म्हणाले, वर्षं लागूद्यात, तुमचं तुमी करा.

त्याच दुपारी त्यांनी पहार काढली. भिंतीपासून दहा फूट मोजल्यावर उरली ती त्यांच्या ओट्यासमोरची जागा, जिथे सुयोग मोटरसायकल लावायचा आणि काशीबाई बसून रस्ता बघायची. ती म्हणाली, “मंग माझा उजेड नी वारा?” आराखडा तिलाही आता पाठ झाला होता. बरीच घासाघीस झाली. आठाऐवजी सहा खांब, उंची काशीबाईला ओट्यावरून रस्ता दिसेल एवढीच, आणि पेंढा मावेल तेवढाच. अर्धाअधिक पेंढा तर शेवंतीच्या पोटात गेलेलाच होता. पावसापर्यंत उरलेला पुरला नाही तर पुन्हा शामकडून वाहायचा, हे धाऊंनी मनाशी धरलं. मोटरसायकल रस्त्यावर गेली. शाम म्हणाला की जिंकल्यावर शिक्षा भोगणारा असा माणूस त्याने बघितला नाही, आणि तो दुसरी पहार आणायला गेला.

पाटकरांना निकालाची प्रत संध्याकाळी मिळाली. ती हातात धरून, अपील करणार म्हणून सांगायला, ते तरातरा फाटकातून आत आले, आणि बघतात तर चार खांब उपटलेले, दोन नव्या जागी गेलेले, आणि धाऊ गुडघाभर खड्ड्यात उभे. पाटकर थांबले. त्यांनी हातातला कागद बघितला, खड्डा बघितला, मग आपल्या भिंतीकडे बघितलं. चार फुटांच्या जागी तिथे आता चांगली मोकळी पट्टी झाली होती आणि खिडकीवर सरळ ऊन पडलं होतं.

“अर्जात आईचं का नाय लिवलंत?” धाऊंनी खड्ड्यातूनच विचारलं.

“तसा रकाना नव्हता,” पाटकर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. मग त्यांनी कागद पुढे केला. “पण वेखंडे, निकाल तर तुमच्या बाजूने लागलाय. तुम्ही जिंकलात.”

“जिंकलो,” धाऊ म्हणाले. “ह्यो खांब धरा जरा.”

पाटकरांनी निकाल दातात धरला आणि दोन्ही हातांनी खांब धरला.